रोजानं की उक्तं? : नोकर कोण, कंत्राटदार कोण, आणि परवाना काय सांगतो

शेतात माणसं लावायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, रोजानं की उक्तं? रोजानं म्हणजे सकाळी ठरल्या वेळेला यायचं. बांधावर मालक किंवा मुकादम उभा असतो. कुठल्या सरीला हात घालायचा ते तो सांगतो, जेवणाची सुट्टी तो देतो आणि दिवस मावळताना ठरलेला रोज मोजतो. उक्तं म्हणजे एकरभर खुरपण अमुक रुपयांना. किती जणींनी यायचं, उन्हं चढली की थांबायचं की नेटानं उरकून टाकायचं, ते टोळीनं बघायचं. मराठवाड्यात यालाच गुत्तं म्हणतात. गवंडी-सुतार म्हणतात, 'अंगावर काम घेतलंय'. शब्द गावोगाव बदलतात, पण त्यांच्या पोटात दोनच गोष्टी असतात : वेळ आणि पद्धत कोणाच्या हातात आहे, आणि काम फसलं तर तोटा कोणाच्या अंगावर पडतो.

कायद्यात हाच भेद 'सेवेचा करार' आणि 'सेवेसाठी करार' असा मांडतात. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण त्यावर माणसाचं आयुष्य बदलतं. सेवेच्या करारावर असलेल्या माणसामागे मालकाला भविष्यनिर्वाह निधीत साधारण 12 टक्के भरावे लागतात, मासिक 21,000 रुपयांपर्यंत वेतन असेल तर राज्य विमा योजनेचे 3.25 टक्के भरावे लागतात, दर वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून बाजूला ठेवावा लागतो. बाईमाणूस असेल तर 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा असते. कामावर अपघात झाला तर भरपाई मिळते आणि काढून टाकायचं तर त्यासाठी रीत पाळावी लागते. सेवेसाठी करार असेल तर यातलं काहीच नाही. बिल द्यायचं, पैसे घ्यायचे आणि संबंध संपला. म्हणून हा भेद कागदावर कसा लिहिला जातो याकडे फार बारकाईनं पाहावं लागतं.

मी पुण्यात अनेक वर्षे लहान आस्थापनांचे कर आणि कामगारविषयक कागद पाहतो. एका आर्किटेक्टच्या कार्यालयात नकाशे काढणारी एक मुलगी काही काळापूर्वी माझ्याकडे आली. सहावा महिना होता. म्हणाली, "सर, रजा मिळणार नाही म्हणाले. मी कन्सल्टंट आहे म्हणे." तिनं पिशवीतून स्टॅम्प पेपरवरचा दोन पानी करार काढला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दोन्ही पक्षांत मालक-नोकर असं कोणतंही नातं नाही. मी विचारलं, कामाला कधी जातेस? सकाळी दहाला. थंब लागतो, सव्वादहानंतर लेट मार्क, तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाचे पैसे कापतात. संगणक कोणाचा? त्यांचा. दुसऱ्या कोणाचं काम घेतेस का? करारातच मनाई आहे. महिन्याला किती मिळतात? ठरलेले, 10 टक्के कर कापून. चार वर्षे. एवढी उत्तरं ऐकल्यावर करार वाचायची फारशी गरज राहत नाही. बांधावर कोण उभं आहे ते दिसतच होतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न पहिल्यांदा सविस्तर हाताळला तो मिठागरांच्या संदर्भात. धरंगधरा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य हा 1957 च्या निवाडासंग्रहात छापलेला निकाल कामगार कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर कुडा येथे आगरिया कुटुंबं मीठ पिकवायची. कंपनी त्यांना जमिनीचा पट्टा नेमून द्यायची. पावसाळा संपला की यायचं, मीठ तयार करायचं, मणामागे ठरलेला दर घ्यायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला गावी शेतीवर परतायचं. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, मदतीला माणसं लावायची मोकळीक होती. कंपनीचं म्हणणं होतं की हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. न्यायालयाने तसं मानलं नाही. विहिरीपासून मिठाच्या प्रतीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती, आणि आगरिया स्वतः राबत होते. मजुरी नगावर मिळते की दिवसावर, यानं नातं ठरत नाही असं न्यायालयाने सांगितलं. देखरेख किती हवी, हे धंद्याच्या जातीवर अवलंबून राहील, हेही त्यात आलं.

मग प्रकरणं आली विड्यांची, आणि तिथे न्यायालयालाही घाम फुटला. नागपूरच्या बिरदीचंद शर्मांचे विडी कामगार कारखान्यात येऊन बसत, हजेरी लागे, हलक्या विड्या बाजूला काढल्या जात; पण वेळेचं बंधन सैल होतं. न्यायालयाने 1960 मध्ये त्यांना कामगार ठरवलं. त्यानंतर थोड्याच काळात शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, जवळपास तशाच विडी वळणाऱ्या माणसाला बहुमताने कामगार मानलं गेलं नाही. तो केव्हाही येई, केव्हाही जाई, हा फरक बहुमताला मोठा वाटला. न्या. सुब्बा राव यांनी मतभेद नोंदवला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की कळतं, ताबा आणि देखरेख ही एकच कसोटी धरली तर पाटावर बसून विडी वळणाऱ्या माणसाचं भवितव्य तो कारखान्यात किती वाजता शिरला यावर ठरतं. ते माझ्या मनाला कधी पटलं नाही. संसदेलाही बहुधा पटलं नसावं. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही व्याख्येत घेतलं. सोलापुरात, सिन्नरला, भंडारा-गोंदियाकडे ज्या घरांत आजही मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या जातात, त्यांच्या हक्कांना त्या व्याख्येने आधार दिला.

पुढची मोठी पायरी शिलाईच्या दुकानातली. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला आंध्र प्रदेशातला, निकाल न्या. के. के. मॅथ्यू यांचा, 1974 च्या संग्रहात छापलेला. कारागीर नगावर शिवत, रोज यायलाच हवं असं नव्हतं, काही जण कापड घरी नेत. पण शिलाई मशिनं दुकानाची होती. कापून दिलेलं कापड कसं शिवायचं ते दुकान सांगे आणि मनासारखं झालं नाही तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा हक्क दुकानाला होता. ते नोकर ठरले. न्यायालय म्हणालं, ताबा ही महत्त्वाची गोष्ट आहे, पण एकमेव नाही. सगळं चित्र पाहायचं. या निकालातली मशीन मला फार बोलकी वाटते. हत्यार कोणाचं? गवंड्याची थापी त्याची स्वतःची असते, पण मिक्सर आणि परांची ठेकेदाराची असते. ज्याच्या खर्चाने काम चालतं, त्याचा तो धंदा.

1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी हुसेनभाई खटल्यात ही गोष्ट आणखी थेट केली. केरळात दोर वळणारे कामगार ठेकेदारामार्फत लावले होते. न्यायमूर्तींचा रोख असा होता : ज्याच्या धंद्यासाठी माल तयार होतो आणि ज्याने हात आखडता घेतला तर कामगाराची चूल थंड पडते, तो मालक, मध्ये कितीही कागद असोत. 2001 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात थोडं मागे घेतलं. ठेका पद्धत बंद झाली म्हणून ठेक्यावरचे कामगार आपोआप कायम होत नाहीत, असं ते म्हणाले. पण ठेका नुसता देखावा असेल तर ते मूळ मालकाचेच कामगार, हा दरवाजा त्यांनीही उघडा ठेवला. आजचे बहुतेक खटले याच दरवाज्याशी उभे असतात.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हा विषय मांडताना आपण नकळत गृहीत धरतो की नोकर ठरणं म्हणजे नेहमी फायद्याचं. 2020 मध्ये सुशीलाबेन गांधी यांच्या प्रकरणात न्या. नरीमन यांनी आजवरच्या सगळ्या कसोट्यांचा धांडोळा घेतला. सुशीलाबेन यांच्या कुटुंबातले डॉक्टर नवसारीच्या नेत्र रुग्णालयात करारावर शस्त्रक्रिया करत आणि 1997 मध्ये रुग्णालयाच्याच मिनीबसला झालेल्या अपघातात गेले. विमा कंपनी म्हणत होती, ते रुग्णालयाचे नोकर होते, म्हणून आमची जबाबदारी मर्यादित. न्यायालयाने करार पाहिला, कामाची पद्धत पाहिली आणि ते स्वतंत्र व्यावसायिक होते असं ठरवलं. त्यामुळे कुटुंबाला पूर्ण भरपाईची वाट मोकळी झाली. स्वतंत्र असणं ही खरी गोष्ट असते, आणि ज्याचं स्वातंत्र्य खरं आहे त्याला ते मिळायलाच हवं.

कसोटीचं सार विचाराल तर ते असं. काम कसं करायचं ते कोण सांगतं, साधनं कोणाची, नफा-तोट्याचा धनी कोण, हे काम त्या धंद्याचा गाभा आहे की बाजूचं, माणूस आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो का, आणि एकाच दारावर पोट अवलंबून आहे की दहा दारांवर. एकेका प्रश्नाला एकेक गुण देऊन बेरीज करायची नसते. सगळी उत्तरं एकत्र पाहिली की चित्र उभं राहतं.

हे चित्र झाकायला आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. मानधन हा त्यातला सर्वांत सोज्वळ शब्द. अंगणवाडी ताईला पगार नसतो, मानधन असतं. म्हणजे ती स्वयंसेविका, मग ग्रॅच्युइटीचा प्रश्न कुठे येतो? 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात हे मान्य केलं नाही. मानधन हेही वेतनच आणि अंगणवाडी सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीच्या हक्कदार, असा निकाल आला. आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आहेत. वेळापत्रक महाविद्यालयाचं, हजेरी, परीक्षेची कामं सगळी तीच, आणि पैसे मात्र घेतलेल्या तासांचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही. 'कंत्राटी', 'करार पद्धती', 'बाह्यस्रोत' हे शब्द शासनाच्या आदेशांत इतके रुळले आहेत की खासगी मालकाला दोष देताना सरकारकडेही बोट दाखवावं लागतं.

पण या सगळ्यांत महाराष्ट्राचा सर्वांत मोठा अनिर्णित प्रश्न उसाच्या फडात आहे. बीड, जालना, नगरकडून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. कागदावर कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी. कारखाना म्हणतो, तोडणारे आमचे नव्हेत. तर मग पाहा : कोणत्या गावात, कोणत्या फडात, कोणत्या दिवशी शिरायचं हे कारखान्याची स्लिप ठरवते. ऊस बुडख्यातून किती खाली तोडायचा, पाचट किती चालेल, हे कारखान्याचा स्लिप बॉय बघतो. गाळप बंद झालं की तोड बंद. आणि तोडणीचा दर? तो साखर संघ आणि मजुरांच्या संघटना समोरासमोर बसून ठरवतात. पवार-मुंडे लवाद हा शब्द ज्या पिढीने ऐकला तिला हे नव्याने सांगायला नको. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढीचा समझोता झाला, तोही असाच. ज्यांच्याशी सामुदायिक वाटाघाट करून राज्यभराचा दर ठरतो, ते त्या धंद्यातले कामगार नाहीत असं म्हणायला मन धजत नाही. कुडाच्या आगरियांची गोष्ट आठवा. हंगामी काम, नगावर मजुरी, पावसाळ्यात गावी परतणं, कुटुंबानं राबणं. सात दशकांपूर्वी त्यांना जे मिळालं ते कोयत्याला अजून मिळालेलं नाही. उचल ही नाव बदललेली साखळी आहे, आणि ती तोडायची तर आधी मालक कोण हे ठरलं पाहिजे.

आता कर आणि परवाने. गोंधळ इथे सर्वांत जास्त होतो, कारण अनेकांना वाटतं की परवाना काढला की माणूस आपोआप स्वतंत्र झाला.

साधा व्यवसाय कर घ्या. महाराष्ट्राचा 1975 चा कायदा दोन वेगळी प्रमाणपत्रं देतो. पगार देणाऱ्याला नोंदणी प्रमाणपत्र; त्यावर तो नोकरांच्या पगारातून कर कापून भरतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला नावनोंदणी प्रमाणपत्र. त्यावर तो स्वतःचे वर्षाला 2,500 रुपये भरतो. तीच गत उत्पन्नावरच्या कराची. पगारावर एका रीतीने कपात, ठेक्याच्या बिलावर व्यक्तीला 1 टक्का आणि इतरांना 2, व्यावसायिक शुल्कावर साधारण 10. वस्तू व सेवा करातही नोकराने मालकाला दिलेली सेवा करात येत नाही; स्वतंत्र व्यावसायिकाची येते, आणि उलाढाल 20 लाखांवर गेली की नोंदणी लागते. म्हणजे प्रत्येक खातं आपल्या परीने नोकर आणि व्यावसायिक वेगळे करतं. पण ही खाती कर गोळा करण्यासाठी आहेत. तुम्ही काय सांगता त्यावर ती प्रमाणपत्र देतात; बांधावर कोण उभं आहे हे पाहायला कोणी येत नाही. मालक आपल्याच माणसांना नावनोंदणी काढायला लावतो, उद्यमची फुकट नोंदणी करवून घेतो आणि फाइलला लावतो. असली फाइल मी वर्षाला चार-पाच तरी पाहतो. भविष्यनिर्वाह निधीचा अधिकारी तपासणीला आला की तो त्या फाइलकडे बघत नाही. तो हजेरी मागतो, पगारपत्रक मागतो आणि दारातल्या माणसाला विचारतो, "किती वर्षं आहात इथे?"

दुकानाच्या परवान्याची गोष्ट तर शब्दातच दडली आहे. आपण त्याला गुमास्ता म्हणतो. "गुमास्ता काढलाय का?" असं बँकेचा माणूसही विचारतो. गुमास्ता म्हणजे फारसीतून आलेला शब्द, अर्थ नेमलेला माणूस, पेढीवरचा कारकून. दुकाने व आस्थापना कायदा हा मुळात त्या कारकुनासाठी. मुंबई प्रांतात तो 1939 मध्ये आला, मग 1948 मध्ये नव्याने झाला. दिवसाचे तास किती, साप्ताहिक सुट्टी कोणती, रात्री किती वाजता फळ्या लावायच्या. दुकानदाराची नोंद त्यासाठी हवी होती. आज तोच कागद मालकाच्या धंद्याचा दाखला म्हणून भिंतीवर टांगला जातो, आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो गुमास्ता मात्र खाली काउंटरवर करारपत्रावर सही करून 'कन्सल्टंट' झालेला असतो. 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी केली, आणि 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. लहान दुकानदाराचा त्रास वाचला हे खरं. पण माणसं मोजायची वेळ आली की कोणाला मोजायचं आणि कोणाला 'बाहेरचा' म्हणायचं, हा मोह प्रत्येक मर्यादेच्या उंबरठ्यावर उभा राहतो. विमा योजनेला दहा, भविष्यनिर्वाह निधीला वीस. ठेका कामगार कायद्याला केंद्रात वीस होते, महाराष्ट्राने ते पन्नास केले, आणि नव्या कामगार संहितेतही पन्नास आहेत. भोसरीत आठ माणसांवर फॅब्रिकेशन चालवणारा उद्योजक मला सांगतो की नववा-दहावा माणूस घेताना हात थरथरतो. त्याची भीती खोटी नाही. एका दिवसात डोक्यावर चार रजिस्टरं येतात. त्याला सोपी पद्धत द्यायला हवी. पण त्याच्या माणसांना व्याख्येबाहेर ढकलून ती देता येणार नाही.

खरा परवाना कशाला असतो, हे पाहायचं तर वायरमनकडे पाहावं. महाराष्ट्रात तारतंत्रीला परवाना लागतो, पर्यवेक्षकाला वेगळा, आणि इमारतीचं वीज काम अंगावर घेणाऱ्या ठेकेदाराला वेगळी अनुज्ञप्ती. नळजोडणी करणाऱ्या प्लंबरला महापालिकेचा परवाना. घरून डबे देणाऱ्या ताईला अन्न खात्याची नोंदणी, उलाढाल वाढली की परवाना. पदपथावर बसणाऱ्याला 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली प्रमाणपत्र. यातला प्रत्येक कागद एकच सांगतो : हे काम करायला हा माणूस लायक आहे, आणि काही बिघडलं तर कोणाला धरायचं ते ठाऊक आहे. तो कोणाचा नोकर आहे की नाही, हे यातला एकही कागद सांगत नाही. परवानाधारक तारतंत्री कारखान्याच्या पगारावर असू शकतो, आणि पाच सोसायट्यांची कामं बघणारा स्वतंत्र कारागीरही असू शकतो. त्याचं ड्रिल त्याचं, स्कूटर त्याची, भाव तो सांगतो, आज न जमल्यास उद्या येतो. हा दुसरा माणूस खरा कंत्राटदार. त्याला कोणी नोकर म्हटलं तर तो रागावेल, आणि बरोबरच आहे.

उलट बाजूने एक धोका असतो, तो घर बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. व्यवसायाच्या कामासाठी ठेकेदार लावला आणि त्याचा माणूस परांचीवरून पडला तर भरपाई आधी मूळ मालकाकडून मागता येते, ही तरतूद 1923 च्या कायद्यापासून आहे. मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावी. स्वतःच्या राहत्या घराची डागडुजी हा काही कोणाचा व्यवसाय नसतो, म्हणून तिथे ही तरतूद सहसा लागत नाही. पण दुकानाचं, गोदामाचं, दवाखान्याचं काम असेल तर लागू शकते. म्हणून ठेकेदाराचा परवाना आणि त्याच्या माणसांचा विमा मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

मोबाइलने या सगळ्याला नवी फोडणी दिली. अन्न पोचवणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या मुलांना ॲप 'भागीदार' म्हणतं. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, लॉगिन कधी करायचं ते तो ठरवतो. इथवर तो उक्तं घेणारा दिसतो. पण दर कंपनीचा, ग्राहक कंपनीचा, रस्ता नकाशा सांगणार, दोनदा नाकारलं की रेटिंग उतरणार आणि एके सकाळी आयडी ब्लॉक. कारण विचारायला माणूस नाही. बांधावर कोणी दिसत नाही, पण फोनमध्ये मुकादम चोवीस तास उभा असतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांना 'वर्कर' या मधल्या वर्गात घालून किमान वेतन आणि रजा मिळवून दिली. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केलेला कडक कसोटीचा कायदा 2020 मध्ये लागू झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ॲप कंपन्यांना त्यातून सूट दिली. आपल्या सामाजिक सुरक्षा संहितेने 2020 मध्ये गिग कामगाराची व्याख्या केली ती पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा अशी. म्हणजे प्रश्न सोडवला नाही, बाजूला ठेवला. बदल्यात कंपन्यांकडून उलाढालीच्या 1 ते 2 टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांहून जास्त नाही, एवढा वाटा कल्याण निधीसाठी घ्यायचं ठरवलं. चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. नीती आयोगाने 2022 मध्ये अंदाज दिला होता की 2020-21 मध्ये असे 77 लाख कामगार होते आणि 2029-30 पर्यंत 2 कोटी 35 लाख होतील.

परवान्याच्या बाबतीतही इथे विषमता आहे. चालकाला पहिल्या दिवसापासून लायसन्स हवं, बॅज हवा, गाडीला परमिट आणि फिटनेस हवं. ॲप कंपनीला परवाना हवा हे 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीत आलं, आणि त्यानंतरही मुंबई उच्च न्यायालयाला मार्च 2022 मध्ये कंपन्यांना अर्ज करायला सांगावं लागलं. कागद मागायची सुरुवात खालून होते, वरून नाही.

या सगळ्यात महाराष्ट्राकडे स्वतःचं एक उत्तर आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत. मशीद बंदरच्या, दाणाबंदरच्या गोण्या वाहणारा माथाडी सकाळी एका पेढीचा, दुपारी दुसरीचा माल उतरवे. त्याचा मालक कोण? कोणीच नाही आणि सगळेच. न्यायालयाच्या एकाही कसोटीत तो बसला नसता. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि त्या लढ्यातून 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याने नोकर की कंत्राटदार हा प्रश्नच विचारला नाही. मंडळ उभं केलं : कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी असलेलं. पेढीने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. टोळीची नोंद मंडळाकडे, पेढीची नोंदही मंडळाकडे. इथे परवाना आणि हक्क एकाच खिडकीवर आले. 1981 मध्ये याच धर्तीवर खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला, 2008 मध्ये घरकामगारांसाठी मंडळाचा कायदा आला. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये गिग कामगारांसाठी जे कायदे केले त्यांची रचना पाहिली, नोंदणी, मंडळ, प्रत्येक व्यवहारावर शुल्क, की माथाडी मंडळाचीच आठवण होते.

माथाडीच्या नावाने औद्योगिक पट्ट्यांत खंडणी उकळली जाते, ही उद्योजकांची तक्रार खरी आहे आणि ती वारंवार येते. ज्याच्या डोक्यावर कधी गोणी चढली नाही तो टोळीचा पुढारी होतो. त्याचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. त्यासाठी कायदाच मोडीत काढणं म्हणजे उंदीर झाले म्हणून कणगी जाळण्यासारखं आहे. ऊसतोडीला आणि ॲपवरच्या मुलांना असंच मंडळ हवं, जिथे कारखाना टनामागे आणि कंपनी फेरीमागे लेव्ही भरेल आणि मालक कोण या वादाची वाट न पाहता माणसाच्या खात्यात पैसे जमा होत राहतील. जिथे बांधावर मालक उभा दिसतो आहे, तिथे मात्र मंडळ नको; तिथे सरळ नोकरीच मान्य व्हायला हवी.

नकाशे काढणाऱ्या त्या मुलीने मालकाला पत्र लिहिलं. सोबत चार वर्षांच्या बँक नोंदी, थंबच्या हजेरीचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि 'उद्या शनिवारी यावं लागेल' असे व्हॉट्सॲपवरचे निरोप जोडले. खटला झाला नाही. तिला रजा पगारी मिळाली. तुमच्या हातात असा करार असेल, तर सही करताना त्याची एक प्रत मागून घ्या, आणि हजेरी, पगाराची नोंद आणि निरोप आजपासून जपून ठेवा. न्यायालयात करारपत्रापेक्षा हेच कागद जास्त वेळा कामाला येतात.